ऑफिसात कर्मचारी, पाहुणे आणि यंत्रं यांचं वायफाय वेगळं कसं करावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑफिसात २५ माणसं, एक राऊटर, ३ ॲक्सेस पॉइंट (वायफाय हवेत सोडणारे डबे) आणि सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड. हिशेबाचा सर्व्हर, प्रिंटर, कॅमेरे, भेटायला आलेल्यांचे फोन, सगळं एकाच नेटवर्कवर. आता कर्मचारी, हिशेब विभाग, पाहुणे आणि यंत्रं अशी ४ वायफाय वेगळी करायची आहेत, तर ४ राऊटर घ्यावेत का?

घेऊ नका. ऑफिसात वापरायच्या बहुतेक ॲक्सेस पॉइंटवरून ४ काय, ८ नावंही दिसू शकतात. पण त्याआधी एक सांगतो, कारण बहुतेकांची फसगत इथेच होते. वायफायचं वेगळं नाव म्हणजे वेगळं दार. चारही दारं आत एकाच खोलीत उघडत असतील तर दारं वाढवून काही उपयोग नाही. भिंत घालायची ती आत, स्विचवर (सगळ्या केबली जोडायचा डबा) आणि फायरवॉलमध्ये (कोणती वाहतूक जाऊ द्यायची ते ठरवणारी सोय). त्यामुळे या उत्तरात वायफायपेक्षा त्या भिंतीबद्दलच जास्त लिहिणार आहे.

सुरुवात कागदावर करा. डावीकडे खाली खाली लिहा: कर्मचारी, हिशेब, पाहुणे, प्रिंटर, कॅमेरे, आणि स्विच-ॲक्सेस पॉइंट यांची स्वतःची व्यवस्थापनाची पानं. वरच्या ओळीत तीच यादी पुन्हा लिहा आणि शेवटी इंटरनेट जोडा. मग प्रत्येक चौकोनात हो किंवा नाही भरत जा. पाहुण्याने प्रिंटरपर्यंत पोचायचं का? कॅमेऱ्याला इंटरनेट कशाला हवं? कर्मचाऱ्याला स्विचचं पान उघडायची गरज आहे का? हे काम तासाभराचं आहे, पण ते तुम्ही एकट्याने करू नका. हिशेब बघणाऱ्या व्यक्तीला आणि स्वागतकक्षात बसणाऱ्या व्यक्तीला जवळ घेऊन बसा. कोण कशावर छापतं, पाहुण्यांना सभागृहातल्या पडद्यावर काही दाखवावं लागतं का, हे त्यांनाच ठाऊक असतं. हा तक्ता म्हणजेच पुढे फायरवॉलचे नियम. त्यांची फक्त भाषा बदलते.

तक्ता भरताना एक लक्षात येईल. हिशेब विभागाला वेगळी भिंत हवी आहे, पण वेगळं वायफायचं नाव हवंच असं नाही. हिशेबाचे संगणक टेबलावरच असतात. त्यांना केबलने जोडा आणि त्यांचं नेटवर्क केबलवरच वेगळं ठेवा. वायफायवर नाहीच, म्हणजे त्याचा पासवर्ड फुटायचाही प्रश्न नाही. तिथल्या एखाद्याला लॅपटॉप घेऊन फिरावं लागत असेल तर त्याचा मार्ग पुढे येतो.

आता तो दुसरा राऊटर. ‘जुना राऊटर पडून होता, तो पाहुण्यांसाठी लावला’ ही मांडणी मी फार ठिकाणी पाहिली आहे, आणि ती जवळजवळ नेहमी उलटी असते. पाहुण्यांचा राऊटर ऑफिसच्या राऊटरला मागून जोडलेला असतो. पाहुण्याचा फोन काही मागतो तेव्हा त्याचा राऊटर ती मागणी वरच्या बाजूला पाठवतो, आणि वरच्या बाजूला काय आहे? तुमचं ऑफिसचं नेटवर्क. राऊटर बाहेरून आत येणाऱ्याला अडवतो, आतून बाहेर जाणाऱ्याला नाही. पाहुण्याच्या दृष्टीने तुमचा हिशेबाचा सर्व्हर हा ‘बाहेर’च्या जगाचाच भाग, त्यामुळे तिकडे जायला त्याला पूर्ण मोकळीक मिळते. ऑफिसातल्यांना मात्र पाहुण्यांचे फोन दिसत नाहीत. म्हणजे भिंत घातली, पण तिचं तोंड नेमकं चुकीच्या बाजूला.

दुसरा सापळा याच जातीचा आहे. साध्या राऊटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ नावाचा पर्याय असतो. तो राऊटर स्वतः राऊटरचं काम करत असेल तेव्हा तो पर्याय बहुधा ठीक चालतो. पण तोच डबा ‘ॲक्सेस पॉइंट मोड’मध्ये टाकला की पुष्कळ मॉडेलमध्ये पाहुण्यांचं नाव दिसत राहतं आणि आतलं वेगळेपण नाहीसं होतं, कारण आता तो सगळ्यांना सरळ एकाच तारेवर सोडतो. एका ऑफिसात मी पाहुणा म्हणून त्यांच्या ‘गेस्ट’ नावाला जोडलो, लॅपटॉपवर प्रिंटरचा पत्ता टाकून पिंग केलं, म्हणजे ‘आहेस का?’ असं विचारलं, आणि लगेच उत्तर आलं. ब्राउझरमध्ये तोच पत्ता टाकला तर प्रिंटरचं पान उघडलं, आणि त्यावर शेवटी छापलेल्या कागदपत्रांची नावं एकाखाली एक दिसत होती. पगारपत्रकंही त्यात होती. आपलं पाहुण्यांचं वायफाय वेगळं आहे, अशी तिथल्या सगळ्यांची कित्येक महिने मनापासून समजूत होती. असं काही पाहिलं की वाईट वाटतं, कारण त्या लोकांनी काळजी घेतली होती. फक्त कुणी तपासून पाहिलं नव्हतं.

योग्य रस्ता म्हणजे व्हीलॅन. एकाच तारेवरून, एकाच स्विचमधून अनेक नेटवर्क एकमेकांना न भेटता नेण्याची ही पद्धत. तिचं मानक ८०२.१क्यू. प्रत्यक्षात काय घडतं ते एका पाहुण्याच्या फोनच्या मागे मागे जाऊन पाहू. फोन ‘पाहुणे’ या नावाला जोडला जातो आणि एक फ्रेम, म्हणजे माहितीचं एक पाकीट, हवेत सोडतो. त्या फ्रेमवर कसलीही खूण नसते. फोनला व्हीलॅनचा पत्ताच नसतो. ॲक्सेस पॉइंटला माहीत असतं की या नावावरून आलेलं सगळं व्हीलॅन ३० चं. तो फ्रेम केबलवर टाकताना तिच्यात ४ बाइटची चिठ्ठी घालतो. त्यातले १२ बिट क्रमांकासाठी, म्हणून वापरता येण्याजोगे क्रमांक ४०९४. स्विच ती चिठ्ठी वाचतो आणि व्हीलॅन ३० ज्या पोर्टवर (केबल लावायच्या खाचेवर) चालतं त्यांनाच ती फ्रेम देतो. राऊटरवर व्हीलॅन ३० साठी वेगळा इंटरफेस असतो, वेगळा पत्ता असतो, आणि तिथे फायरवॉल विचारतं: कुठे निघालात? उत्तर येताना हाच प्रवास उलटा होतो, आणि शेवटच्या टप्प्यावर ॲक्सेस पॉइंट चिठ्ठी काढून घेतो. फोनला यातलं काहीच कळत नाही.

यासाठी तीन गोष्टी लागतात: व्हीलॅन जाणणारा राऊटर किंवा फायरवॉल, मॅनेज्ड स्विच (ज्यावर पोर्टगणिक व्हीलॅन ठरवता येतो), आणि नावागणिक व्हीलॅन ठरवता येणारे ॲक्सेस पॉइंट. मधल्या वाटेवर कुठेही साधा, अनमॅनेज्ड स्विच राहू देऊ नका. तो चिठ्ठ्या वाचत नाही. सगळ्या व्हीलॅनचा ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना उद्देशून दिलेल्या हाका, सगळ्या पोर्टवर फेकतो. टेबलाखाली ‘पोर्ट कमी पडले म्हणून’ लावलेला छोटा डबा हे त्याचं नेहमीचं ठिकाण. तो शोधून काढा.

क्रमांक आणि पत्ते जुळवून ठेवा, म्हणजे रात्री बिघाड शोधताना डोकं चालवावं लागत नाही. कर्मचारी व्हीलॅन १०, पत्ते १०.४४.१०.० पासून, हिशेब २०, पत्ते १०.४४.२०.०, पाहुणे ३०, यंत्रं ४०, व्यवस्थापन ९९. तिसरा आकडा पाहिला की कोणतं नेटवर्क ते कळतं. १९२.१६८.०.० आणि १९२.१६८.१.० या मालिका मुद्दाम टाळा. घरोघरच्या राऊटरवर त्याच असतात, आणि कर्मचारी घरून व्हीपीएनने (इंटरनेटवरून ऑफिसात येणाऱ्या कुलूपबंद वाटेने) जोडला गेला की दोन्हीकडचे पत्ते एकमेकांवर आदळतात.

ॲक्सेस पॉइंट ज्या पोर्टला लागतो तो ट्रंक करा, म्हणजे अनेक व्हीलॅन वाहणारा: १०, ३० आणि ४० टॅगसह (टॅग म्हणजे ती चिठ्ठी), ९९ टॅगविना. टेबलाजवळच्या पोर्टवर एकच व्हीलॅन, टॅगविना. इथली एक चूक इतक्यांदा होते की तिचं लक्षणच पाठ करून ठेवा. फोन वायफायला जोडला जातो, पासवर्ड बरोबर असतो, आणि ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ यावर अडकून बसतो. लॅपटॉपवर पाहिलं तर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसतो. याचा अर्थ डीएचसीपीचं, म्हणजे यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या सेवेचं, उत्तर पोचलेलं नाही. दहापैकी आठ वेळा, मधल्या एखाद्या स्विचच्या ट्रंकवर तो व्हीलॅन जोडायचा राहिलेला असतो. फक्त एका खोलीत असं होत असेल तर त्या खोलीच्या ॲक्सेस पॉइंटचा पोर्ट आधी बघा. पासवर्ड बदलण्यात वेळ घालवू नका.

आता नावं किती ठेवायची? मी तीनवर थांबतो, फार तर चार. याला पक्कं कारण आहे. प्रत्येक नावासाठी ॲक्सेस पॉइंट दर १०२.४ मिलिसेकंदांनी एक बीकन सोडतो, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा वेळा ‘मी इथे आहे’ असं ओरडतो. आणि हे ओरडणं सगळ्यात हळू वेगाने चालतं, म्हणजे अगदी जुन्या यंत्रालाही ऐकू जावं. २.४ गिगाहर्ट्झवर तो वेग १ मेगाबिट असेल आणि बीकन ३०० बाइटचा धरला, तर एका बीकनला अडीच मिलिसेकंद लागतात. एका नावाने हवेतला अडीच टक्के वेळ खाल्ला. सहा नावं आणि एकाच चॅनेलवर एकमेकांना ऐकू येणारे तीन ॲक्सेस पॉइंट असतील, तर अठरा बीकन, ४५ टक्के वेळ. एकही माणूस काही काम करत नसताना! मग ‘इंटरनेट हळू आहे’ अशी तक्रार येते आणि लोक जोडणीचा वेग वाढवून घेतात. त्याने काडीचाही फरक पडत नाही.

त्यावर उपाय दोन. नावं कमी ठेवा, आणि सगळ्यात कमी वेग वर उचला. १, २, ५.५ आणि ११ हे जुने वेग बंद करून किमान वेग १२ मेगाबिट केला की तोच बीकन पाव मिलिसेकंदाच्या आत संपतो. फार जुनी यंत्रं यामुळे तुटू शकतात, म्हणून बंद करण्याआधी यादी तपासा. शिवाय कर्मचाऱ्यांचं नाव फक्त ५ गिगाहर्ट्झवर ठेवा. यंत्रांचं नाव फक्त २.४ वर ठेवा, कारण बरीच छोटी यंत्रं दुसरं काही जाणतच नाहीत. २.४ वर चॅनेल १, ६ आणि ११ एवढेच वापरा. तीन ॲक्सेस पॉइंट असतील तर एकेकाला एकेक. व्हीलॅनने नेटवर्क वेगळी झाली तरी हवा सगळ्यांची एकच राहते, हे विसरू नका. पाहुण्याच्या फोनवर चाललेला मोठा व्हिडिओ तुमच्या कर्मचाऱ्याच्या वाट्याचाच वेळ खातो. पाहुण्यांना माणशी वेगमर्यादा घालायची ती म्हणूनच.

आता भिंतीकडे, म्हणजे फायरवॉलकडे. व्हीलॅन केले म्हणजे भिंत झाली, असा समज करून घेऊ नका. बहुतेक राऊटर आपल्या दोन इंटरफेसमधली वाहतूक मुकाट्याने इकडून तिकडे पोचवतात. तेच तर राऊटरचं काम आहे. अडवायला तुम्हीच सांगायचं. पाहुण्यांसाठी नियमांचा क्रम असा ठेवा: आधी राऊटरकडून डीएचसीपीने पत्ता घ्यायला आणि डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) विचारायला परवानगी. मग राऊटरच्या स्वतःच्या बाकी सगळ्या पोर्टना (इथे पोर्ट म्हणजे खाच नव्हे, यंत्रावरच्या एकेका सेवेचा क्रमांक) मज्जाव. मग १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६ या तिन्ही खाजगी मालिकांना मज्जाव. आणि सगळ्यात शेवटी, उरलेल्या सगळ्याला परवानगी. नियम वरून खाली वाचले जातात. शेवटची परवानगी चुकून वर सरकली तर खालचे मज्जाव कुणी वाचतच नाही.

यातला दुसरा नियम लोक हमखास विसरतात. पाहुण्यांचा राऊटरकडचा पत्ता १०.४४.३०.१ आहे, पाहुणा तोच ब्राउझरमध्ये टाकतो आणि राऊटरचं लॉगिन पान समोर येतं. तुम्ही कर्मचाऱ्यांचं नेटवर्क अडवलंत, हिशेब अडवलात, आणि ज्या यंत्रात सगळ्या भिंतींची किल्ली आहे त्याचंच दार उघडं राहिलं. व्यवस्थापनाचं पान फक्त व्हीलॅन ९९ मधूनच उघडलं पाहिजे, दुसरीकडून कुठूनही नाही.

आणि आयपीव्ही६, म्हणजे आयपीव्ही४ नंतरची पत्त्यांची नवी पद्धत. तुमची जोडणी ते देत असेल आणि नियम फक्त आयपीव्ही४ साठी लिहिले असतील, तर तुमच्या वेगवेगळ्या व्हीलॅनमधली यंत्रं आयपीव्ही६ च्या पत्त्यांवरून एकमेकांना भेटू शकतात. त्या पत्त्यांना वरच्या तीन मालिका लागू नाहीत. एकतर तेच नियम आयपीव्ही६ साठी इंटरफेसच्या नावाने पुन्हा लिहा, किंवा पाहुण्यांच्या आणि यंत्रांच्या व्हीलॅनवर ते देऊच नका.

पाहुण्यांबद्दल आणखी थोडं. ‘क्लायंट आयसोलेशन’ चालू करा, म्हणजे एका पाहुण्याचा फोन दुसऱ्या पाहुण्याच्या लॅपटॉपला पाहू शकणार नाही. तुमच्याकडे तीन ॲक्सेस पॉइंट असल्यामुळे हेही बघा की वेगवेगळ्या ॲक्सेस पॉइंटवरचे दोन पाहुणे एकमेकांना दिसतात का. पुष्कळदा ही सोय एका ॲक्सेस पॉइंटपुरतीच असते आणि स्विचवरही तसाच पर्याय लावावा लागतो. डीएचसीपीची मुदत पाहुण्यांसाठी दोन तास पुरे. एका मालिकेत अडीचशेच पत्ते असतात. मुदत आठवडाभराची ठेवली तर येऊन गेलेल्यांचे फोन ते अडवून बसतात आणि एखाद्या मोठ्या बैठकीच्या दिवशी नव्या माणसाला पत्ताच मिळत नाही.

पासवर्ड ठेवायचा की उघडं ठेवून लॉगिनचं पान दाखवायचं? मी पासवर्ड ठेवतो आणि तो दर महिन्याला बदलून स्वागतकक्षात क्यूआर कोडच्या रूपात लावतो. लॉगिनचं पान दिसलं म्हणजे सुरक्षितता आली, असं लोकांना वाटतं. पण नेटवर्क उघडं असेल तर हवेतली वाहतूक कुलूपबंद होत नाही. नव्या यंत्रांत ‘एनहान्स्ड ओपन’ म्हणून एक सोय आहे, ती पासवर्डविनाही वाहतूक कुलूपबंद करते. पण जुने फोन तिला जोडले जात नाहीत, म्हणून तिच्यावरच विसंबू नका.

कर्मचाऱ्यांसाठी खरा प्रश्न तंत्राचा कमी आणि माणसांचा जास्त आहे: कुणी नोकरी सोडली की काय करायचं? सगळ्यांना मिळून एक पासवर्ड असेल तर तो बदलावा लागतो, २५ जणांच्या लॅपटॉपवर आणि फोनवर. म्हणून कुणी बदलत नाही. ३ वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचा फोन ऑफिससमोरच्या रस्त्यावरून जाताना आपोआप जोडला जातो. यावरचा पक्का उपाय म्हणजे ८०२.१एक्स, ज्याला वायफायच्या सेटिंगमध्ये ‘एंटरप्राइझ’ म्हणतात. प्रत्येकाची ओळख वेगळी. ॲक्सेस पॉइंट ती रेडियस सर्व्हरकडे (ओळखी तपासणाऱ्या सर्व्हरकडे) १८१२ या पोर्टवर विचारतो, सर्व्हर हो किंवा नाही सांगतो. माणूस गेला की त्याचं एक खातं बंद, बाकीच्यांना कळतसुद्धा नाही.

आणि याच सर्व्हरकडे हिशेब विभागाच्या फिरत्या लॅपटॉपचं उत्तर आहे. ‘हो’ म्हणताना रेडियस सर्व्हर सोबत तीन गोष्टी पाठवू शकतो: टनेल टाइप १३, मीडियम टाइप ६, आणि ग्रुप आयडीच्या जागी व्हीलॅनचा क्रमांक. कर्मचाऱ्यांच्या त्याच नावाला हिशेबनीस जोडला गेला की त्याला २० मिळतं, बाकीच्यांना १०. दार एक, पण आत गेल्यावर प्रत्येक जण आपापल्या खोलीत. यासाठी ॲक्सेस पॉइंटच्या ट्रंकवर २० ही जोडायला विसरू नका. नावं कमी ठेवून भिंती जास्त घालायचा याहून चांगला मार्ग माझ्या माहितीत नाही.

एंटरप्राइझ लावणार असाल तर प्रमाणपत्राकडे, म्हणजे सर्व्हरच्या डिजिटल ओळखपत्राकडे, नीट लक्ष द्या. लॅपटॉपने सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासलंच पाहिजे. ‘तपासू नका’ हा सोपा पर्याय निवडला तर कुणीही शेजारी बसून तुमच्याच नावाचं खोटं वायफाय उभं करतं आणि लोकांच्या ओळखी गोळा करतं. त्या प्रमाणपत्राची मुदत संपायची तारीख दोन माणसांच्या दिनदर्शिकेत, महिनाभर आधीच्या आठवणीसकट टाका. मुदत संपली की सकाळी कामावर आलेल्या सगळ्यांचं वायफाय एकदम तुटतं, आणि त्या गोंधळात प्रमाणपत्र कुणाला आठवत नाही. रेडियस सर्व्हर शक्यतो दोन ठेवा.

२५ माणसांना हे फार जड वाटत असेल तर मधला मार्ग आहे. बऱ्याच ॲक्सेस पॉइंटमध्ये एकाच नावाला अनेक पासवर्ड देता येतात, प्रत्येक पासवर्डला त्याचा व्हीलॅन. प्रत्येक कंपनी याला वेगळं नाव देते, पण काम तेच: माणशी एक पासवर्ड, माणूस गेला की त्याचाच रद्द. तुमच्या आकाराच्या ऑफिसला मी आधी हेच सुचवेन. एक अडचण आहे, ही सोय मुख्यतः डब्ल्यूपीए२ वर (वायफायच्या कुलूपबंदीचं जुनं मानक) चालते. नव्या डब्ल्यूपीए३ वर ती सगळीकडे मिळत नाही, आणि ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात डब्ल्यूपीए२ चालतच नाही. खरेदीआधी विचारून घ्या.

प्रिंटरवर सगळ्यात जास्त तक्रारी येतात. तुम्ही प्रिंटर यंत्रांच्या व्हीलॅनमध्ये नेलात, नियमही बरोबर लिहिलेत: कर्मचारी ते प्रिंटर, पोर्ट ९१०० आणि ६३१ ला परवानगी. तरी फोनवर ‘प्रिंटर सापडला नाही’. प्रिंटर शोधण्याची हाक २२४.०.०.२५१ या पत्त्यावर, ५३५३ पोर्टवर दिली जाते, आणि ती हाक आपल्या व्हीलॅनच्या बाहेर जात नाही; तिची रचनाच तशी आहे. लॅपटॉपवर प्रिंटर त्याच्या ठरलेल्या पत्त्याने जोडला तर छपाई सुरळीत चालते. फोनसाठी राऊटरवर ‘एमडीएनएस रिफ्लेक्टर’ (ही हाक दुसऱ्या व्हीलॅनमध्ये पोचवणारी सोय) चालू करा, आणि तो फक्त कर्मचारी आणि यंत्रं या दोन व्हीलॅनपुरताच. पाहुण्यांचा व्हीलॅन त्यात घेतला तर तुमच्या सगळ्या यंत्रांची नावं पाहुण्यांच्या फोनवर झळकतील. सभागृहातल्या पडद्याचीही अडचण हीच, उपायही हाच. पाहुण्यांना तो वापरू द्यायचा असेल तर पडद्याला एक एचडीएमआय केबल जोडून ठेवा. नियमांत भोक पाडण्यापेक्षा ते फार बरं.

कॅमेऱ्यांना इंटरनेट देऊ नका. त्यांनी आपल्या रेकॉर्डरशी बोलावं आणि वेळ राऊटरकडून घ्यावी, इतकंच. बाहेरून बघायचं असेल तर व्हीपीएनने आत येऊन बघा.

नाव लपवून किंवा मॅक पत्त्यांची (यंत्राच्या नेटवर्कच्या भागाला दिलेला क्रमांक) यादी ठेवून काही साधत नाही. लपवलेलं नाव फोन स्वतःच जाईल तिथे हाका मारून सांगत फिरतो. आणि अँड्रॉइड १० पासून, आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळा, स्वतःच बनवलेला मॅक पत्ता घेतात, म्हणून यादी सारखी मोडत राहते. डब्ल्यूपीएसचं (पासवर्ड न टाकता जोडायची सोय) बटण आणि पिन मात्र आठवणीने बंद करा. ती ८ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासली जाते, त्यामुळे अंदाज करणाऱ्याला जास्तीत जास्त ११,००० प्रयत्न पुरतात, हे २०११ मध्येच उघड झालं आहे.

भिंतीवरचे केबलचे पोर्टही पाहा. सभागृहातल्या टेबलाखालच्या पोर्टला पाहुण्याने केबल लावली तर तो कुठे पोचतो? तो पोर्ट व्हीलॅन ३० मध्ये टाका. स्वागतकक्षातलाही. न वापरलेले बंद.

मग तपासणी, आणि ती पाहुण्याच्या खुर्चीत बसून. लॅपटॉप ‘पाहुणे’ला जोडा. प्रिंटरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाका. हिशेबाच्या सर्व्हरचा ४४५ पोर्ट (फायली वाटण्याचा) उघडतो का बघा. राऊटरचे पाचही पत्ते टाकून बघा, १०.४४.१०.१ पासून १०.४४.९९.१ पर्यंत. फक्त पिंगवर विश्वास ठेवू नका. विंडोज संगणक एरवीही पिंगला उत्तर देत नाहीत, म्हणून उत्तर न येणं हा भिंतीचा पुरावा होत नाही. तेच सगळं कर्मचाऱ्यांच्या नेटवर्कवरूनही करा: जे तिथून उघडायला हवं ते उघडलं, आणि पाहुण्यांकडून नाही, तरच चाचणी खरी. दोन पाहुणे-फोन घेऊन एकमेकांना शोधून बघा, एकदा एकाच खोलीत, एकदा दोन टोकांना. हाती आलेले निकाल त्या पहिल्या तक्त्याशी चौकोन चौकोन जुळवा. राऊटरचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) बदललं की हे सगळं पुन्हा.

बदल एका रात्रीत करू नका. नवी नावं आधी सुरू करा, जुनंही चालू राहू द्या. बीकन वाढतील, पण दोन आठवड्यांपुरते. एक दिवस पाहुणे हलवा, मग कर्मचारी ५-५ च्या गटाने, शेवटी यंत्रं. जुन्या नावाला कोण जोडलेलं आहे, ती यादी रोज सकाळी बघा. शेवटी दोन-तीन अनोळखी पत्ते उरतात. मॅक पत्त्याच्या पहिल्या सहा अक्षरांवरून बनवणारी कंपनी कळते, आणि कोणत्या ॲक्सेस पॉइंटवर आहे त्यावरून खोली. मग त्या खोलीत जाऊन शोधायचं: हजेरीचं यंत्र निघतं, एखादा विसरलेला लेबल प्रिंटर निघतो. ते यंत्रांच्या व्हीलॅनमध्ये हलवा, जुन्या नावाची यादी रिकामी झालेली सलग तीन कामाचे दिवस दिसू द्या, आणि मगच ते नाव बंद करा.